भंडाऱ्याचा पिवळा आणि परवडणारे स्कोप

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो, तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात हवेत जो पिवळा तरंगतो, तो पडद्यावर जसाच्या तसा आणणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड पण आवडते काम आहे. दोन वर्षांपूर्वी मी २२ मिनिटांच्या एका माहितीपटाचे ग्रेडिंग, म्हणजे शॉटचे रंग आणि उजेड जुळवण्याचे काम, केले. त्यात पालखी कऱ्हेकडे निघतानाचा एक मोठा शॉट होता आणि त्याच्या पिवळ्यावर मी दोन दिवस घालवले होते. मॉनिटरवर तो शॉट उत्तम दिसत होता. स्कोपवर, म्हणजे चित्राचा सिग्नल मोजून आलेखात दाखवणाऱ्या साधनावर, उजळतेचा वेव्हफॉर्म शंभर टक्क्यांच्या आत होता, आणि रंगाची दिशा व गडदपणा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर रंगाचे टोक चौकटीच्या जरासे पुढे असले तरी घाबरावे असे काही नव्हते. तरीही ज्या वाहिनीसाठी ते काम होते, तिने आठ दिवसांनी मास्टर, म्हणजे प्रसारणासाठीची अंतिम फाइल, परत पाठवला. सोबतच्या तपासणी अहवालात त्या एकाच प्रसंगावर ओळीने नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीचे कारण एकच होते : आरजीबी गॅमटचे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांच्या ठरलेल्या मर्यादेचे, उल्लंघन.

परवडणारे स्कोप कोणते घ्यावेत, असे नव्याने काम सुरू केलेली मुले मला अनेकदा विचारतात. माझे उत्तर या अहवालापासून सुरू होते, कारण स्कोपची किंमत पाहण्याआधी तो काय मोजतो आणि कुठे उभा राहून मोजतो हे पाहावे लागते, ही गोष्ट मला त्या पिवळ्यामुळे समजली.

आधी त्या पिवळ्याचे गणित सांगतो. एचडीसाठी आपण जी रेक ७०९ प्रणाली वापरतो, तिच्यात चित्राची उजळता, म्हणजे लुमा, काढताना लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला फक्त ०.०७२२ इतके वजन दिलेले असते. गडद हळदी पिवळा म्हणजे भरपूर लाल, बऱ्यापैकी हिरवा आणि जवळजवळ शून्य निळा. अशा रंगाचे सॅच्युरेशन, म्हणजे गडदपणा, आणखी वाढवले की निळा शून्याच्याही खाली जातो. समजा तो दहा टक्क्यांनी खाली गेला; तरी लुमामध्ये त्याचा फरक एक टक्काही पडत नाही. म्हणून साध्या वेव्हफॉर्मला ही चूक दिसतच नाही. व्हेक्टरस्कोप रंग किती गडद आहे ते सांगतो, परंतु तो रंग किती उजेडाचा आहे ते सांगत नाही. आणि एकाच गडदपणाचा पिवळा एका उजेडात नियमात बसतो, दुसऱ्या उजेडात बसत नाही. दोन्ही स्कोप खरे बोलत असतात, मात्र आपला प्रश्न त्या दोघांनाही विचारलेला नसतो. त्याचे उत्तर फक्त आरजीबी परेडमध्ये असते, जिथे तिन्ही रंग शेजारी शेजारी वेगळे मांडलेले असतात.

परेड तर माझ्या सॉफ्टवेअरमध्येही होती. तिच्यात निळ्याचा भाग तळाच्या रेषेवर टेकलेला मला दिसतही होता. पण त्या परेडचा तळ म्हणजे शून्य. शून्याखाली जे जाईल ते सगळे त्याच रेषेवर गोळा होते, आणि टेकलेले चित्र व बुडालेले चित्र सारखेच दिसते. त्या वाहिनीची नियमावली युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर १०३ या शिफारशीवर बेतलेली होती. त्या शिफारशीनुसार लाल, हिरवा आणि निळा यांपैकी प्रत्येक घटक उणे ५ ते १०५ टक्के या मर्यादेत असावा लागतो. मुंबईतल्या एका ओळखीच्या स्टुडिओत त्यांच्या हार्डवेअर स्कोपवर मी तोच शॉट लावून पाहिला, तेव्हा निळ्याचा पट्टा शून्याखाली आठ टक्क्यांपर्यंत लोंबत होता. पाच मिनिटांत कारण समजले. ते पाच मिनिटांचे यंत्र काही लाखांचे होते, आणि माझ्या कोल्हापुरातल्या खोलीचे वर्षभराचे भाडेही त्यापुढे किरकोळ होते.

तिथून माझा शोध सुरू झाला. त्यात सर्वांत आधी जे फुकट आहे त्याबद्दल लिहितो, कारण त्याची किंमत लोक ओळखत नाहीत.

दा विंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत वेव्हफॉर्म, परेड, व्हेक्टरस्कोप, हिस्टोग्राम आणि सीआयई क्रोमॅटिसिटी हे पाचही स्कोप आहेत. प्रीमियरमध्ये लुमेट्री स्कोप्स आहेत, फायनल कटमध्ये त्याचे स्वतःचे आहेत, आणि केडेनलाइव्हसारख्या पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरमध्येसुद्धा व्हेक्टरस्कोप, वेव्हफॉर्म व परेड मिळतात. लग्नाच्या फिल्म्स, यूट्यूबसाठीचे काम, लघुपट आणि जाहिरातींचे छोटे तुकडे एवढेच ज्यांचे काम आहे, त्यांना पहिली दोन वर्षे याहून वेगळ्या कशाचीही गरज नाही, हे मी अगदी जबाबदारीने सांगतो. शॉट मॅचिंग, व्हाइट बॅलन्स, काळ्याचा तोल, चेहऱ्याचा रंग ही ग्रेडिंगची ऐंशी टक्के कामे या आतल्या स्कोपवर बिनचूक होतात. रिझॉल्व्हच्या व्हेक्टरस्कोपमध्ये दुप्पट झूम आणि स्किन टोनची रेषा दाखवण्याची सोय आहे. परेडमध्ये संदर्भाच्या दोन आडव्या रेषा हव्या तिथे लावता येतात. आणि चित्रावर कर्सर नेला की तो बिंदू स्कोपवर कुठे पडतो ते दाखवणारा पर्यायही आहे. हे पर्याय मेन्यूत दडलेले असतात. मी स्वतः ते कित्येक महिने उघडलेच नव्हते, आणि त्याच काळात बाहेरचे स्कोप विकत घेण्याचा विचार करत होतो.

शून्यावर थांबणाऱ्या त्या तळाखेरीज आतल्या स्कोपच्या खऱ्या उणिवा दोन. पहिली म्हणजे ते ग्राफिक्स कार्डावरचाच भार वाढवतात. साध्या लॅपटॉपवर नॉइज रिडक्शन आणि तीन-चार स्कोप एकदम उघडले की चित्र अडखळू लागते. दुसरी अधिक महत्त्वाची. आतले स्कोप सॉफ्टवेअरच्या पोटातले चित्र मोजतात. त्या चित्राचा सिग्नल केबलमधून बाहेर पडताना त्याचे काय होते, मॉनिटरला फुल रेंज (० ते २५५) मिळते की व्हिडिओ रेंज (१६ ते २३५), मॅट्रिक्स, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्यातून उजळता काढण्याचे गणित, बरोबर लागते की नाही, हे त्यांना माहीत असण्याचे कारणच नाही. अंगात ताप आहे की नाही हे डॉक्टरांनी रुग्णालाच विचारून ठरवावे, तसे ते आहे. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते, पण ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी कळायला मार्ग नसतो.

म्हणून बाहेरचा स्कोप घ्यायचा तो याच एका कारणासाठी : प्रत्यक्ष बाहेर पडलेला सिग्नल स्वतंत्रपणे मोजण्यासाठी. हे कारण डोक्यात पक्के असले की बाजारातल्या निम्म्या वस्तू आपोआप गळून पडतात.

यात पहिला खर्च स्कोपचा नसतोच. तो सिग्नल स्वच्छपणे बाहेर काढणाऱ्या कार्डाचा असतो. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून जे चित्र बाहेर येते, ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या रंगव्यवस्थेतून, डिस्प्ले प्रोफाइलमधून आणि ड्रायव्हरच्या मर्जीतून गेलेले असते. त्याला कितीही महागडा स्कोप लावला तरी आपण मोजतो ते विंडोज किंवा मॅकओएसचे चित्र असते, टाइमलाइनचे नव्हे. ब्लॅकमॅजिकचे अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी हे तळहाताएवढे यंत्र २०२० साली आले, तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत ११५ डॉलर होती. आपल्याकडे कर आणि वाहतूक धरून ते अर्थातच महाग पडते, तरीही ग्रेडिंगच्या खोलीत याहून मोलाची आणि याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही. ते थंडरबोल्ट ३ या वेगवान जोडणीवर चालते, १०८०पी ६० पर्यंतचा सिग्नल देते, आणि एचडीएमआय व एसडीआय (प्रसारणाच्या कामात वापरली जाणारी व्हिडिओ जोडणी) असे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवते. यातच पुढची सगळी सोय आहे : एचडीएमआय मॉनिटरला, एसडीआय स्कोपला. लॅपटॉपला थंडरबोल्ट नसेल, आणि परवडणाऱ्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपना तो नसतो, तर हे यंत्र चालणार नाही. यूएसबी-सीचे छिद्र दिसायला सारखेच असले तरी ते थंडरबोल्टच असेल असे नाही. मग डेस्कटॉप हवा आणि त्यात डेकलिंक मिनी मॉनिटर ४के हे पीसीआयई कार्ड बसवावे.

आता स्वतः स्कोप.

कॅमेऱ्यावर लावायचे पाच-सात इंची मॉनिटर हा सर्वांना सुचणारा पहिला उपाय. ब्लॅकमॅजिक व्हिडिओ असिस्ट, अॅटॉमॉस शिनोबी किंवा त्याहून स्वस्त चिनी मॉनिटर, यांतल्या बहुतेकांत वेव्हफॉर्म, परेड आणि व्हेक्टरस्कोप असतात, आणि चित्रीकरणासाठी तो मॉनिटर आधीच घरात असतो. मी वर्षभर असाच एक मॉनिटर टेबलावर ठेवून काम केले. त्याने मला दोन मोठ्या चुकांतून वाचवले, दोन्ही फुल रेंज आणि व्हिडिओ रेंजच्या गोंधळाच्या होत्या. त्यासाठी तो पुरेसा आहे. मात्र पाच इंचांच्या पडद्यावर परेड म्हणजे अंगठ्याएवढी जागा. तिथे काळ्यातला एक टक्क्याचा निळसरपणा दिसत नाही, आणि ग्रेडिंगमधली खरी कसरत नेमकी त्या एका टक्क्यात असते. शिवाय काही मॉनिटर फक्त एचडीएमआय घेतात, त्यामुळे एसडीआयचे एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो. ज्यांच्याकडे असा मॉनिटर आहे त्यांनी तो जरूर वापरावा. केवळ स्कोपसाठी मात्र नवा घेऊ नये.

ऑनलाइन बाजारात हजार-दीड हजार रुपयांत मिळणाऱ्या एचडीएमआय कॅप्चर डोंगलबद्दल, म्हणजे एचडीएमआयचे चित्र यूएसबीतून संगणकात घेणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल, जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण जुना लॅपटॉप, हे डोंगल आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचे फुकट कलर मॉनिटर प्लगइन अशी जुळणी करून "शून्य खर्चात हार्डवेअर स्कोप" असे व्हिडिओ मी बरेच पाहिले आहेत. कल्पना चांगली आहे. अडचण केबलच्या गणितात आहे. १०८०पी २५ चे आठ-बिट ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी ठेवणारे) चित्र न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल क्षमताच ६० मेगाबाइट आहे. म्हणजे ते डोंगल चित्र जेपेगमध्ये दाबूनच पाठवते, आणि मग स्कोपवर दिसणारी धूळ चित्राची की दाबण्याची, हे सांगता येत नाही. यूएसबी ३.० चे कॅप्चर कार्ड यापेक्षा पुष्कळ बरे. परंतु तिथेही ओबीएसमध्ये त्या उपकरणाचे कलर स्पेस आणि रेंज या दोन जागा हाताने बरोबर भराव्या लागतात; त्या तशाच सोडल्या तर स्कोप चालतो, सुंदर दिसतो आणि चुकीचे सांगतो.

म्हणून कोणताही स्वस्त स्कोप टेबलावर आणला की त्याची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि तिला काही खर्च नाही. टाइमलाइनवर ७५ टक्क्यांचे कलर बार, म्हणजे ठरावीक रंगांच्या पट्ट्यांचे चाचणीचित्र, लावावेत आणि साध्या लुमा वेव्हफॉर्मवर हिरव्या पट्टीची उंची पाहावी. ती ५४ टक्क्यांच्या जवळ असेल तर यंत्र रेक ७०९ चे मॅट्रिक्स लावते आहे. ती ४४ वर दिसली, तर ते जुन्या रेक ६०१ चे, म्हणजे एचडीपूर्वीच्या एसडीच्या काळातले मॅट्रिक्स लावते आहे, आणि त्यानंतर ते रंगांबद्दल जे काही सांगेल ते सोडून द्यावे. लाल पट्टी तीच साक्ष उलट्या बाजूने देते : ७०९ मध्ये ती १६ टक्क्यांवर असते, ६०१ मध्ये २२ च्या वर चढते. त्यानंतर शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा पाहावा. काळा सहा टक्क्यांवर आणि पांढरा ९२ वर दिसत असेल, तर व्हिडिओ रेंजचा सिग्नल कुठेतरी फुल रेंज समजून वाचला जात आहे. १६ भागिले २५५ आणि २३५ भागिले २५५ केले की नेमके हेच आकडे येतात. शेवटी डावीकडून उजवीकडे काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा सलग ग्रेडियंट लावावा. चांगल्या स्कोपवर त्याची एक बारीक तिरपी रेघ उमटते. आठ-बिटवर तिला झूममध्ये पायऱ्या दिसतात. दाबलेल्या सिग्नलवर ती रेघ लोकरीच्या धाग्यासारखी केसाळ होते. माझ्या डोंगलवर ती इतकी केसाळ आली की मी ते त्याच दिवशी ऑनलाइन तासिका घेणाऱ्या भाचीला देऊन टाकले. तिच्या कामाला ते अगदी उत्तम आहे.

जुन्या हार्डवेअर स्कोपचा मोह मलाही झाला होता. टेक्ट्रॉनिक्सचे ते हिरव्या रेषेचे स्कोप मी उमेदवारीच्या दिवसांत मुंबईत पाहिले आहेत, आणि त्या जिवंत, थरथरणाऱ्या रेषेची सर कोणत्याही एलसीडीला येत नाही असे मला आजही वाटते. पण लॅमिंग्टन रोडवर किंवा परदेशी लिलावांत जे स्वस्त मिळतात, त्यांतले बरेचसे कंपोझिट किंवा एसडीचे असतात. त्यांना एचडी-एसडीआयचा सिग्नल कळतच नाही. जे एचडीचे असतात त्यांत काही सोयी परवान्याने उघडणाऱ्या असतात आणि आधीच्या मालकाने त्या घेतलेल्याच नसतात. घ्यायचाच असेल तर आपला सिग्नल सोबत नेऊन, कलर बार लावून, समोर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्या क्षेत्रात २००९ साली ब्लॅकमॅजिकने अल्ट्रास्कोप नावाचे ६९५ डॉलरचे कार्ड आणून मोठीच सोय केली होती. संगणकात कार्ड बसवायचे आणि एका मोठ्या पडद्यावर सहा चौकटी पाहायच्या. ते आता बनत नाही. तरी त्याची कल्पना योग्य होती, आणि माझी सध्याची जुळणी मूलतः तीच कल्पना आहे.

ती जुळणी अशी. ग्रेडिंगच्या संगणकातून सिग्नल अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी मध्ये जातो. तिथून एचडीएमआय मॉनिटरकडे, आणि एसडीआयची केबल टेबलाखालच्या एका जुन्या डेस्कटॉपकडे. त्या डेस्कटॉपमध्ये डेकलिंक मिनी रेकॉर्डर हे कार्ड आहे, जे मला सेकंडहँड मिळाले. ते एसडीआयचा दहा-बिट सिग्नल न दाबता आत घेते. त्यावर टाइम इन पिक्सेल्सचे नोब ऑम्निस्कोप चालते आणि एका जुन्या २४ इंची पडद्यावर परेड, व्हेक्टरस्कोप व वेव्हफॉर्म असे तीनच स्कोप मी मोठे करून ठेवतो. मॅकवर काम करणाऱ्यांसाठी डायव्हर्जंट मीडियाचे स्कोपबॉक्स हाही जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. ही दोन्ही सॉफ्टवेअरे ग्रेडिंगच्याच संगणकावर, बाहेरच्या कार्डाशिवायही चालवता येतात. मोठे, नेमके आणि हवे तसे मांडता येणारे स्कोप मिळतात हा त्याचा फायदा असतो. पण तसे केले की आपण पुन्हा सॉफ्टवेअरचे पोटच मोजू लागतो. स्वतंत्र साक्षीदार हवा असेल तर स्वतंत्र यंत्र हवे, मग ते कितीही जुने चालेल. माझा डेस्कटॉप दहा वर्षांचा आहे.

एचडीआरचे, म्हणजे अधिक उजळ पडद्यांसाठीचे, काम करणाऱ्यांसाठी गणित बदलते. तिथे टक्क्यांऐवजी निट्स, म्हणजे पडद्याच्या प्रत्यक्ष उजेडाचे एकक, मोजावे लागतात, पीक्यू या एचडीआर प्रमाणाची पट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते, आणि ४के सिग्नलसाठी वरची कार्डे लागतात. माझ्याकडे ते काम येत नाही, म्हणून त्यावर मी सल्ला देत नाही.

तयार फाइल तपासण्यासाठी मात्र एक मोफत साधन प्रत्येकाने ठेवावे. क्यूसीटूल्स हे मुळात जुन्या टेप्सचे डिजिटायझेशन करणाऱ्या संग्रहालयांसाठी बनवलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते संपूर्ण फाइलचा फ्रेमनिहाय आलेख काढून देते, आणि त्यात सर्वांत उजळ व सर्वांत गडद पिक्सेल कुठल्या क्षणी मर्यादेबाहेर गेला ते एका नजरेत दिसते. २२ मिनिटे डोळ्यांत तेल घालून स्कोपकडे बघत बसण्यापेक्षा हे किती तरी बरे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचा ब्रॉडकास्ट रेंजचा आलेख लुमा आणि क्रोमा (चित्राचा रंगाचा भाग) आपापल्या मर्यादेत आहेत का एवढेच पाहतो. माझ्या भंडाऱ्यासारखी, दोघे आपापल्या जागी बरोबर असूनही मिळून चुकणारी चूक त्यातून निसटू शकते. तसेच फाइल मॅकच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये फिकट दिसते ही जी नेहमीची तक्रार असते, तिच्यावर कोणताही स्कोप इलाज नाही. तिथे आकडे तेच असतात, फक्त प्लेअर फाइलवरच्या गॅमाच्या, म्हणजे उजेडाच्या वक्राच्या, खुणेचा अर्थ वेगळा लावतो. त्यासाठी नवा स्कोप घेऊ नये.

स्कोप कोणताही असो, त्याच्यावरच्या एका रेषेबद्दल मला आवर्जून लिहायचे आहे. व्हेक्टरस्कोपवर लाल आणि पिवळ्याच्या मधून वर-डावीकडे जाणारी जी स्किन टोनची रेषा असते, ती १९५३ च्या अमेरिकन एनटीएससी प्रणालीतला आय अक्ष आहे, १२३ अंशांवरचा. माणसाची नजर नारिंगी-आकाशी या दिशेचे बारकावे अधिक टिपते, म्हणून त्या अक्षाला जास्त बँडविड्थ दिली होती. माणसाच्या कातडीचा रंग त्याच्या आसपास पडतो म्हणून कलरिस्ट लोकांनी ती रेषा पुढे जपली. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले ते पाल प्रणालीचे, त्यामुळे ती रेषा आपल्या प्रसारणात कधी नव्हतीच, तरी आज आपल्या प्रत्येकाच्या स्कोपवर ती आहे आणि कामाची आहे. गोऱ्या, सावळ्या, काळ्या कातडीचा रंग जवळजवळ त्याच दिशेला पडतो. फरक पडतो तो उजळतेत. इंग्रजी शिकवण्यांत चेहरा ७० टक्क्यांवर ठेवा असे सांगतात, ते गोऱ्या कातडीसाठी असते. दिवसभर उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसाचा चेहरा ओढूनताणून ७० वर नेला की तो माणूस पीठ लावल्यासारखा दिसतो. माझ्या कामात तो बहुधा ४० ते ५५ च्या दरम्यान बसतो, आणि तिथेच तो तसा दिसतो, जसा तो आहे. उजेड किती असावा हे वेव्हफॉर्मला विचारू नये, त्या माणसाला ठाऊक असलेल्या दिग्दर्शकाला विचारावे.

आणि हळदीच्या दिवशी ती रेषासुद्धा बाजूला ठेवावी. नवरीच्या गालांवर हळद लागली की व्हेक्टरस्कोपवरचा ढग रेषेपासून पिवळ्याकडे सरकतो, आणि तो सरकलाच पाहिजे. एकदा एका होतकरू मुलाने माझ्याकडे आणलेल्या लग्नाच्या फिल्ममध्ये हळदीचे सगळे चेहरे त्याने अगदी काटेकोरपणे रेषेवर आणून बसवले होते. हळद गेली होती, आणि तिच्याबरोबर मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्यांचा हिरवाही जांभळट पडला होता. मी त्याला तोच शॉट पुन्हा लावायला सांगितला, पण यावेळी चेहऱ्याऐवजी मागे उभ्या असलेल्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर कर्सर ठेवून. टोपीचा ठिपका व्हेक्टरस्कोपच्या मध्यावर आणला, परेडमधल्या तिच्या तिन्ही उंच्या सारख्या केल्या, आणि हळद आपोआप हळद झाली. जोतिबाच्या डोंगरावरच्या गुलालालाही हेच लागू आहे. तिथे ढग गुलाबी दिशेला इतका पसरतो की रेषा शोधत बसण्यात अर्थ नसतो, पण सासनकाठी धरणाऱ्यांच्या गर्दीत एखादा पांढरा सदरा नक्की सापडतो.

खर्चाचा क्रम मी विचारणाऱ्यांना असा सांगतो : आधी सॉफ्टवेअरमधले स्कोप पूर्ण शिकावेत, मग सिग्नल बाहेर काढणारे कार्ड आणि त्याला जोडलेला, नीट कॅलिब्रेट केलेला मॉनिटर घ्यावा, आणि वाहिनीचे काम येऊ लागले, म्हणजे दुसऱ्या कुणाचा स्कोप आपल्या कामावर चालणार हे नक्की झाले, की स्वतंत्र स्कोपची जुळणी करावी. हा क्रम उलटवलेले दोन जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे स्कोप उत्तम आहेत आणि ते ज्या मॉनिटरकडे पाहून ग्रेड करतात तो ऑफिसच्या हिशेबासाठी घेतलेला आहे.

परत आलेल्या त्या माहितीपटाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. रिझॉल्व्हमधले ब्रॉडकास्ट सेफ, म्हणजे मर्यादेबाहेरचे रंग आपोआप आत आणणारी सोय, लावून मोकळे होता आले असते. पण ते करून पाहिले तेव्हा हवेतल्या भंडाऱ्याचे कण एकमेकांत मिसळून सपाट पिवळा डाग झाला, आणि ज्यासाठी दोन दिवस घालवले होते तेच गेले. मग मुंबईच्या त्या स्टुडिओत अर्ध्या दिवसाची वेळ मागून घेतली. ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशनच्या, म्हणजे एकेका रंगाचा गडदपणा वेगळा बदलण्याच्या, वक्रावर फक्त पिवळ्याचा एक अरुंद पट्टा धरला आणि स्कोपवरच्या निळ्याकडे पाहत तो जरा जरा खाली आणला. ढगाच्या सर्वांत गडद भागाची उजळता किंचित वाढवली, कारण सॅच्युरेशन तेच ठेवून उजेड वाढवला की निळाही वर येतो. निळ्याचा पट्टा उणे आठवरून उणे तीनवर आला. मॉनिटरवर आधीचा आणि नंतरचा शॉट शेजारी लावून दिग्दर्शकाला दाखवले, तर त्याने नंतरच्याकडे बोट दाखवून विचारले, "हाच जुना ना?" मास्टर त्या आठवड्यात स्वीकारला गेला. टेबलाखालचा डेस्कटॉप त्यानंतर चार महिन्यांनी आला, आणि कलर बारची परीक्षा झाल्यावर त्याच्यावर मी सर्वांत आधी तोच पालखीचा शॉट लावला. निळा उणे तीनवरच होता.